पाताळातला खडा

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला निघालो, तर पोरगी पायाला मिठी मारून बसली. आदल्या दिवशी लालबागला पोलिसांच्या लाठ्या तिने गॅलरीतून पाहिलेल्या. सोडेना.

बायकोने पाणी निवळायचा तुरटीचा खडा तिच्या हातात दिला. "हा पाताळातल्या नागांच्या खाणीतला. जखम भरतो, काळोखात उजेड देतो. खिशात असला की माणूस पोलिसांना दिसत नाही."

पोरीने तो माझ्या खिशात कोंबला नि पाय सोडला.

दारात बायको हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही नका खरं मानू. मागे राहा."

मी पुढेच चाललो. संध्याकाळी धडधाकट परत आलो.

पोरीने विचारलं, "दिसलात कुणाला?"

"छ्या!"

दोघी हसल्या. मग कळलं, बायको दिवसभर जेवलीच नव्हती. अशी बाई होती माझी. आता नाही.