दुपारचा आकडा

बेकरीच्या मागच्या खोलीत एक बाई सव्वीस वर्षं केकवर गुलाब काढते आहे. लोण्यात दळलेली साखर घोटून कोनात भरायची, डाव्या हाताने केकचं स्टँड फिरवायचं, उजव्याने कोन दाबायचा, की सात पाकळ्यांचा गुलाब तयार. तिला सगळे गुलाबमावशीच म्हणतात. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. लोक केकला नावाजतात, मालकाला नावाजतात, आणि हे गुलाब कोण काढतं असं एकानेही कधी विचारलेलं नाही. असो. जगाची रीतच ती, आपण कशाला डोकं पिकवायचं?

अशा बाईला साखरेचा आजार व्हावा, याला काय म्हणायचं! भट्टीवाल्याला तर हसू आवरेना. "मावशी, केकवरच उधळायची ती साखर, अंगात कशाला साठवलीत?" मावशीने त्याला लाटणं दाखवलं. खरं म्हणजे तिने केकचा तुकडा तोंडात घालून वर्षं लोटली होती. दिवसभर त्या वासात बसणाऱ्याला गोडाची वासनाच राहत नाही.

तिचा एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. आजार कळला तसा तो दोन दिवस रजा काढून आला, रक्तातली साखर मोजायचं यंत्र घेऊन आला, आणि बोटाला सुई कशी टोचायची, पट्टीला थेंब कसा लावायचा हे त्याने आईला शिकवलं. जाताना म्हणाला, "सकाळी उपाशीपोटी एकदा आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी एकदा. दोन्ही आकडे मला फोनवर पाठवायचे. चुकवायचं नाही हं आई."

मावशीने चुकवलं नाही. ताटही सुधारलं. अर्ध्या ताटात भाज्या आणि काकडी, पाव ताटात डाळ नाहीतर अंडं, उरलेल्या पावात भात, तोही वाटीने मोजून. भाताची दुसरी वाटी घ्यायला हात शिवशिवायचा, पण ती उठून भांडी घासायला लागायची. एकटीच्या घरात आग्रह करणारं कोणी नसतं, हा त्यातल्या त्यात फायदा.

सकाळचा आकडा शंभरच्या आसपास यायचा. मुलाकडून उत्तरादाखल उंचावलेल्या अंगठ्याचं चित्र यायचं, बस्स. पण दुपारी बेकरीत मोजलं की दोनशे सत्तर, दोनशे नव्वद! पहिल्यांदा असा आकडा पाठवला आणि दोन मिनिटांत फोन वाजला. काय खाल्लंस, किती खाल्लंस, चक्कर येते का, गोळी घेतलीस का. मावशी आकड्याने घाबरली होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटत होतं. सणसणीत आकड्याला फोन यायचाच. बोलता बोलता त्याची सर्दी कळायची, नातीचा दात पडल्याचं कळायचं, सूनबाईने घराचे पडदे बदलल्याचं कळायचं. इतक्या वर्षांत मायलेक एवढं बोलले नव्हते.

तीन महिन्यांनी दवाखान्यात तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा रिपोर्ट अगदी चांगला आला. सिस्टर तिची रोजच्या आकड्यांची वही बघून चक्रावली.

"मावशी, ही सरासरी खरी असेल तर दुपारचे हे आकडे कुठून आणलेत? टोचायच्या आधी हात धुता ना?"

"धुवायला कशाला पाहिजे? पुसते की."

"कशाने?"

"आमच्या ओल्या फडक्याने. सगळे त्यालाच पुसतो."

सिस्टरने कपाळावर हात मारला. बेकरीतलं फडकं ते! टेबलावरची सांडलेली साखर त्यानेच पुसायची, कोनाचं तोंड त्यानेच, हातही त्यानेच. पुसला म्हणजे हात स्वच्छ, असा तिथल्या लोकांचा हिशेब. यंत्राने मावशीचं रक्त कमी आणि बोटावरची साखरच जास्त मोजली होती. सिस्टरने तिला साबणाने हात धुवायला लावले, कोरडे करायला लावले आणि पुन्हा मोजलं. एकशे अडतीस.

"बघा! या आकड्यांवर डॉक्टरांनी गोळी वाढवली असती तर साखर एकदम उतरून कुठेतरी पडला असतात," सिस्टर म्हणाली. मावशी तिच्याबरोबर हसली. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र तिला हसू येईना, आणि का येत नाही हे तिचं तिलाच सांगवेना.

दुसऱ्या दिवसापासून मावशी हात धुऊन मोजू लागली. एकशे बत्तीस. अंगठा. एकशे एक्केचाळीस. अंगठा. मुलाला वाटलं, आईची गाडी रुळावर आली. नऊ दिवस नुसते अंगठे आले. रविवारी बेकरी बंद, त्या दिवशी तर घर खायला उठायचं. तिने दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय सांगायचं? तब्येत चांगली आहे हे सांगायला कोणी कामातल्या माणसाला फोन करतं का?

दहाव्या दिवशी दुपारी ती मोरीपाशी उभी राहिली. नळ समोर, साबण समोर. बोटांना गुलाबाची साखर चिकटलेली. ती तशीच मागे फिरली, स्टुलावर बसली आणि तिने बोट टोचलं. दोनशे चौऱ्याहत्तर. पाठवून दिलं.

फोन लगेच वाजला.

"आई, परत? काय झालं गं?" त्याला धाप लागली होती. "मीटिंग सोडून जिन्यात आलोय. बाबांच्या वेळीही असाच जिन्यात उभा होतो, आणि तिकडून तू म्हणालीस, आता येऊन उपयोग नाही. तुझा आकडा वाढला की मला तेच आठवतं."

मावशीला स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की खोटं पुढे रेटायची ताकदच राहिली नाही.

"मला काही झालेलं नाही रे. बोटांना साखर होती, मी हात धुतले नव्हते. मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

"आकडा चांगला आला की तुझा फोन येत नाही."

तिकडे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. "आई, मला आत जावं लागेल," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला नाही. मावशीने मोजून भात घेतला, तोही संपला नाही. असलेलं अंगठ्याचं सुखही आपण हातचं घालवलं, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वच्छ हात धुऊन यंत्र काढत होती, तेवढ्यात फोन वाजला. आकडा अजून पाठवलेलाच नव्हता.

"कशी आहेस?" मुलगा म्हणाला.

"बरी आहे. तू?"

"बराय."

काय खाल्लं, किती खाल्लं, हे आज विचारायचं कारण नव्हतं. आजार मध्ये नसला की मायलेकांना बोलायला विषयच नाही, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"मग... ठेवू?" त्याने विचारलं.

"नको ना ठेवूस इतक्यात," मावशी म्हणाली.

"बरं, नाही ठेवत."

तो बोलला नाही, तीही बोलली नाही. त्याच्या ऑफिसातली कुठलीशी घंटी तिला ऐकू येत होती, तिच्याकडच्या भट्टीचं दार त्याला. भट्टीवाल्याने खुणेने विचारलं, कोण? मावशीने फोनवर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "मुलगा आहे. बोलतोय माझ्याशी."