हातात विळा असेल तरच

डॉक्टरांनी आईला गोळ्या दिल्या नाहीत. साखर वाढायच्या बेतात होती, म्हणून रोज भरभर चाला म्हणाले. वजन फारसं हललं नाही तरी पोटाभोवतीची चरबी उतरेल, कमरेकडे लक्ष ठेवा. मला वाटलं, यात अवघड काय? रस्ता घरासमोरूनच जातो.

पण आमच्या उंद्री गावात ओळखीची बाई पायी दिसली की गाडी थांबते. न थांबवणं उद्धटपणाचं. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघी चालत असताना धाकट्या काकांनी मोटारसायकल थांबवली. आई म्हणाली, फिरायला निघाले. ते हसले आणि बसाच म्हणाले. दिराचा आग्रह तिला मोडवेना. चालायला निघालेली माझी आई गाडीवर बसून घरी पोहोचली आणि मी मागून एकटी चालत आले. पुढे दूधवाला थांबला, मग शेजारचे सर. सगळ्यांचं मन चांगलं, हे मलाही कळतं. त्या चांगुलपणाचाच मला संताप यायचा.

तरी उरलंसुरलं चालून फरक पडत होता. परकराची नाडी बांधल्यावर टोकं लांब उरू लागली, ती आईने मला लाजत दाखवली.

त्याच सुमारास काका बाबांना म्हणाले, घरी गाडी असून वहिनीले पायी फिरवता, लोक मले विचारून राह्यले. बाबांनी सुटलेल्या पोटावरून हात फिरवत निकाल दिला: गच्चीवर चालायचं. आई पाण्याच्या टाकीभोवती गोल गोल फिरली, तिला गरगरलं, आणि तेही सुटलं. नाडीची टोकं पुन्हा आखूड झाली. बाबांना ते कुठून दिसणार?

मग आईनेच युक्ती काढली. हातात विळा आणि थैली घेतली. कोणी विचारलं की सांगायचं, गाईले गवत आणते, इथंच शेताच्या धुऱ्यावरून. बाबांनी अडवलं नाही. लोकही थांबेनात. कामाला निघालेली बाई वाटेल तितकी चालू शकते, स्वतःच्या शरीरासाठी निघालेली नाही. त्या बोथट विळ्याकडे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शाळेत इंग्रजीतून वादविवाद केले, घरच्या मोठ्यांसमोर मात्र माझं तोंड उघडत नाही.

एके सकाळी काका पुन्हा थांबले. "गवताले गडी आहे ना, वहिनी. बसा."

आई विळा थैलीत घालू लागली. ती बसणार होती.

"काका, गवत नाही आणायचं," मी म्हणाले. "आईले पोट कमी करायचं आहे. डॉक्टरनं सांगितलं. तुम्ही बसवता अन् तिचं चालणं बुडते."

काकांनी आईकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. बरं म्हणाले आणि गेले.

आई घरापर्यंत माझ्या पुढे चालत आली. ओट्यावर आल्यावर म्हणाली, "भर रस्त्यात पोटाचं नाव काढते का? दिरासमोर?" मी माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खिळ्यावरचा विळा काढला आणि माझ्यापुढे धरला. "तू घे मग."

मी हात मागे घेतले. तिने विळा पुन्हा अडकवला आणि चपला घातल्या.

वेशीपाशी मागून हॉर्न वाजला. आईने माझं मनगट घट्ट धरलं. मान वळवली नाही, आणि पाय थांबवले नाहीत.