बावीस वर्षं पट्टीचा पोहणारा, आणि मालवणचा समुद्र

ज्यांना पोहता येत नाही आणि तरीही समुद्रात उतरायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना पोहता येत नाही, पण येतं असं बायकोला सांगितलेलं आहे, त्यांनी तो दोनदा वाचावा.

सुरुवात एका व्हिडिओनं झाली. पुण्याला शिकणाऱ्या आमच्या मुलीनं आईच्या मोबाईलवर समुद्राखालचे मासे पाठवले. सुरेखानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते इतक्या वेळा पाहिले की कुठल्या माशामागून कुठला मासा येतो हे मलाही पाठ झालं. चौथ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "आपण मालवणला जाऊया. मी पाण्यात उतरतो. मला पवायला येत न्हाय, पन तुम्ही हाय की संगं."

(आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. छपाईची चूक समजू नये.)

मी आणखी एक भाकरी मागून घेतली. कारण पोहायला मलाही येत नाही.

हे प्रकरण बावीस वर्षांपूर्वीचं आहे. सुरेखाचं माहेर पंचगंगेच्या अगदी काठावर. दर पावसाळ्यात नदी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यापर्यंत येऊन जाते. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी माझी नोकरी, शेती, शिक्षण यातलं काहीही विचारलं नाही. एकच विचारलं, "पावणं, पवायला येतं न्हवं?" माझ्या तोंडात पोहे होते. मी मान हलवली. तेवढ्यावर लग्न ठरलं.

तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण लग्नानंतर सुरेखा कौतुकानं विचारायची आणि मला राहवायचं नाही. पहिल्या वर्षी मी पुरात अर्धी पंचगंगा पोहून परत आलो होतो. पाचव्या वर्षी पूर्ण पार केली. मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत मी येताना एक म्हैसही वाचवून आणली होती. सुरेखाचे भाऊ पाठीला सुका भोपळा बांधून नदीत शिकले, पण मुलींना काठावर कपडे राखत बसवायचे. त्यामुळं गुडघ्याच्या वर पाणी आलं की ती आजही घाबरते. अशी बाई समुद्रात उतरायला तयार झाली होती, ती केवळ त्या म्हशीच्या भरवशावर.

मी तयारीला लागलो. आंघोळीच्या वेळी कडी लावून बादलीत डोकं बुडवायचं आणि आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी चारपर्यंत गेलो, आठवड्यानं अकरावर आलो. डोळे लालबुंद झाले. सुरेखाला वाटलं डोळे आलेत, तिनं दोन दिवस माझा टॉवेल वेगळा ठेवला.

पहिला दिवस: कबनूर ते मालवण

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कबनूरचे. माझे थोडे यंत्रमाग आहेत. मागाच्या खडखडाटात तीस वर्षं बोलल्यामुळं मला हळू बोलायला जमत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. पहाटे निघालो, कोल्हापुरात मिसळ खाल्ली आणि राधानगरीचा रस्ता धरला. मालवणला जायला दुसरेही घाट आहेत, पण फोंडा घाटाचा रस्ता मला आवडतो. दाजीपूरच्या जंगलात मोबाईलची रेंज जाते आणि कारखान्यातून कुणाचा फोन येऊ शकत नाही. पेट्रोल मात्र आधीच भरून घ्या. घाट उतरलात की कणकवली, पुढं कसालला हायवे सोडायचा आणि मालवण. चहापाणी धरून कोल्हापुरापासून पाच तास पुरे होतात.

जाताना एक सल्ला. पाण्यातले खेळ पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळं दिवाळीनंतर जा. शनिवार-रविवार टाळा, नाहीतर माशांपेक्षा माणसं जास्त दिसतील.

दुपारी सुरमईचं ताट जेवलो. सुरेखा तीन वाट्या सोलकढी प्यायली. संध्याकाळी 'बनाना बोट' होती. ही केळ्याच्या आकाराची हवा भरलेली पिवळी बोट असते. तिच्यावर घोड्यावर बसतात तसं बसायचं आणि पुढच्या मोटरबोटीनं ओढत न्यायचं. पोहता न येणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शेवटी ते लोक ही बोट मुद्दाम उलटी करतात, त्यातच गंमत असते. जॅकेट असल्यामुळं कुणी बुडत नाही, पण आरडाओरडा फार होतो. नको असेल तर आधी सांगावं, ते ऐकतात. मी चालकाला बाजूला घेऊन हात जोडले.

आमची बोट काही उलटली नाही. बाकी सगळ्यांच्या उलटल्या. सुरेखा हिरमुसली. "आपल्यालाच का पाडलं न्हाय?"

"वजन जास्त हाय म्हणाला," मी म्हणालो. त्यानंतर जेवणापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

दुसरा दिवस: पेवूक येता?

सकाळी स्नॉर्कलिंग. म्हणजे डोळ्यांना काच, तोंडात नळी, अंगात जॅकेट, हातात रबरी रिंग आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघायचं. पोहायची गरज नाही, हे मी शपथेवर सांगतो. खर्च माणशी एका बऱ्यापैकी जेवणाइतका येतो, आणि बोटीचं भाडं सोबत कुणी असेल तर वाटून जातं. आमच्या सोबत मलकापूरचं एक कुटुंब होतं. नवरा-बायको आणि दोन मुली.

बोटीवाला बाबी, पन्नाशीचा, उन्हानं रापलेला. किनाऱ्यावर तो एकेकाची माहिती एका वहीत लिहून घेत होता. सुरेखा जॅकेट निवडत लांब उभी होती. माझी पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "पावण्यानू, पेवूक येता?"

इथं मला आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. दर बुधवारी संध्याकाळी मी 'सूत बघायला' जातो असं घरी सांगून जातो. सूत मी बघत नाही. आम्ही चार दोस्त बसतो. ग्लास दोनच, पण बसतो. आणि समुद्रात नेण्याआधी माणूस पिणारा आहे का हे विचारणं मला अगदी रास्त वाटलं. जिवाचा प्रश्न होता, म्हणून खरं सांगितलं.

"कधीमधी," मी शक्य तितकं हळू म्हणालो. "आठवड्यातनं एकदा. दोस्तांबरोबर."

"किती येळ?"

"बसलो की दोन तास तरी जात्यात."

"बसान?" बाबी चक्रावला, पण त्यानं लिहून घेतलं.

"फकस्त हिला सांगू नका. हिला म्हाईत न्हाय."

"सांगूक व्हया," बाबी म्हणाला. "बरी गोष्ट असा ती. म्हणशात तर रोज पेवा, तब्येतीक बरा असता."

कोकणी माणसाबद्दलचा माझा आदर त्या क्षणी दुप्पट झाला.

बोट समुद्रातल्या किल्ल्याच्या बाजूला जाऊन थांबली. पाणी हिरवं आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ होतं. मलकापूरच्या पाहुण्यांना सुरेखा आमच्या म्हशीची गोष्ट सांगत होती. मी समुद्राकडं तोंड करून बसलो होतो. इतक्यात बाबीनं सगळ्यांना रिंगा वाटल्या आणि मला वगळलं.

"मला?"

"तुमका कित्याक? तुमका पेवूक येता." मग तो सुरेखाकडं वळला. "वैनी, ह्ये आठवड्याक एकदा दोन-दोन तास पेवतत. तुमका सांगूक नाय?"

"काय करत्यात?" सुरेखानं विचारलं.

"पेवतत," बाबी म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात पुढं टाकून पाणी कापून दाखवलं.

मालवणीत पेवणं म्हणजे पोहणं. माझ्या पाचावर धारण बसली.

सुरेखा माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. "म्हंजे दर बुधवारी सूत बघायला म्हणून तुम्ही पवायला जाता? ह्या वयात? आणि मला सांगितलं पन न्हाय?"

बघा, किती सोपं होतं. नुसती मान हलवायची. मान हलवायची मला सवयही होती. एका हलवण्यात पोहणंही शाबूत राहिलं असतं आणि बुधवारही.

पण सुरेखानं हातातली रिंग बाबीला परत दिली. "मग मला हे कशाला? मी ह्यांचा हात धरतो." आणि मलकापूरचे पाहुणे म्हणाले, "पावणं, आमच्या दोन्ही पोरीस्नी पन तुम्हीच बघा. आमाला काय पवायला येत न्हाय." दोन्ही मुली लगेच माझ्या दोन बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. सुरेखानं एक पाय शिडीवर ठेवला. एका हातानं तिनं बोटीचा काठ घट्ट धरला होता आणि तरीही ती हसत होती. गुडघ्यावरच्या पाण्याला घाबरणारी माझी बायको रिंगेशिवाय समुद्रात निघाली होती, आणि पाठीशी काय तर मी.

मला तिच्या कानात सांगायचं होतं. पण मागाचा आवाज. सगळ्या बोटीला, बाजूच्या दोन बोटींना आणि बहुधा किल्ल्यालाही ऐकू गेलं.

"सुरेखा, मला पवायला येत न्हाय. कवाच येत नव्हतं."

दोन्ही मुली सरकून आईजवळ गेल्या.

"आणि म्हैस?" सुरेखानं विचारलं.

"म्हैस पन न्हाय."

मलकापूरच्या पाहुण्यांनी अगदी सहज विचारलं, "मग दर बुधवारी दोन तास काय करता वो?"

या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलंच नाही. बाबी दुसरीकडं बघून दोरी गुंडाळायला लागला. सुरेखानं माझ्याकडं बघितलं, बोटीत पडलेल्या बाबीच्या वहीकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ती म्हणणार, बोट परत फिरवा. तसं म्हणाली असती तर मला आयुष्यभर लागून राहिलं असतं. मासे बघायचे म्हणून ती आली होती, आणि माझ्यामुळं ते राहिले असते.

"बाबीदादा," ती म्हणाली, "ह्यांना दोन रिंगा द्या." मग तिनं आपली रिंग परत घेतली, नळी तोंडात धरली आणि शिडी उतरून गेली. एकटी. मला त्या वेळी फार लाज वाटली, आणि तिचा फार अभिमान वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मीही उतरलो. बाबी पाण्यात आमच्या पुढं होता आणि आमच्या रिंगांची दोरी त्याच्या हातात होती. नवख्यांनी लक्षात ठेवावं की नाकानं श्वास घ्यायचा नाही. मी घेतला. अर्धा समुद्र आत गेला. बादलीतल्या अकरा आकड्यांचा इथं काडीचा उपयोग होत नाही. दुसऱ्यांदा डोकं घातलं आणि मग दिसलं. पिवळ्यावर काळे पट्टे असलेले मासे, निळे मासे, पोवळ्याच्या फटीत शिरणारं एक जांभळं काहीतरी. आमच्या मागावर असे रंग मी कधी काढू शकलो नाही. एक मासा काचेसमोर येऊन माझ्याकडं बघत थांबला. त्यालाही बोटीवरचं बोलणं ऐकू गेलं असावं.

तेवढ्यात माझा हात कुणीतरी घट्ट धरला. सुरेखा होती. तिनं धरला म्हणून मीही धरला, मग ती आणखी जवळ आली, मग मी, आणि आम्ही दोघं रिंगा सोडून एकमेकांना मिठी मारून गोल फिरायला लागलो.

"एकमेकांका सोडा," बाबी ओरडत होता. "रिंग धरा. रिंग धरा."

आम्ही रिंगा परत धरल्या. हात मात्र कुणी सोडले नाहीत. अर्धा तास तसेच मासे बघितले.

परतीचा रस्ता

कणकवलीपर्यंत एक शब्द नाही. फोंड्याला वडापाव घेतला, तोही मुकाट्यानं. दाजीपूरला रेंज गेली, तेव्हा ती बोलली. "आता एकदाच सांगून टाका. अजून काय काय येत न्हाय?"

मी सांगितलं. इंग्रजी पेपर नुसता तोंडापुढं धरून बसतो. गाडी मागं घेताना अंदाजानं घेतो. तिच्या मावशीचं नाव मला अजूनही आठवत नाही, म्हणून नुसतं 'मावशी' म्हणतो. बुधवारबद्दलही सगळं सांगितलं. राधानगरी येईपर्यंत यादी संपली. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. फक्त मावशीचं नाव सांगितलं.

घरी येऊन आता पंधरा दिवस झाले. ही सफर करावी का, असं विचाराल तर जरूर करा. पोहता येत नाही हे बाबीसारख्या माणसाला खरंखरं सांगा, जॅकेटचे सगळे पट्टे नीट लावा आणि बाकी त्याच्यावर सोडा. मालवणी कळत नसेल तर दोनदा विचारून घ्या. मला समुद्र आवडला. पण खरं तर बावीस वर्षं पुलावरून जाताना कुणी नदीचा विषय काढू नये म्हणून मी रेडिओ मोठा करायचो, ते आता करावं लागत नाही. यात इतकं हलकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट मला कळत नव्हती. परवा सुरेखा भाकरी करत होती, तेव्हा विचारूनच टाकलं. "रिंग हातात हुती. बाबी समोर हुता. मला पवायला येत न्हाय हे तुला तवा कळलं हुतं. मग पाण्यात माझाच हात कशाला धरलास?"

तिनं भाकरी उलटली. माझ्याकडं बघितलंही नाही.

"पवायला येत न्हाय म्हटल्यावर," ती म्हणाली, "तुम्हाला कुनीतरी धरायला नको व्हय?"