धाकटीची वेज

थोरल्या सुनेच्या पोटात दुखायचं कारण एकच, तिची धाकटी जाऊ. बाकी सगळं बरं चाललं होतं. गोल्फच्या मैदानामागची दुरुस्तीची खोली तिच्या ताब्यात होती. सभासदांच्या काठ्यांच्या मुठी बदलायच्या, निखळलेली पाती चिकटवायची, हे तिचं काम. वर्षातून एकदा मैदान कामगारांना खेळायला मिळायचं आणि त्या सामन्याचा कप दरवर्षी हिच्याच घरी यायचा. सासूबाई तो टीव्हीशेजारी ठेवून येईल त्याला दाखवायच्या, "आमची थोरली!" एवढं ऐकलं की हिला वर्षभर दुसरं काही नको असायचं.

मग धाकटी आली आणि मैदानावर गवत कापायच्या गाडीवर लागली. आली ती आली, खेळायलाही लागली! तेही कशाने, तर कुणीतरी टाकून दिलेल्या जाडजूड, रुंद बुडाच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठीने. त्या आयर्नला मैदानावर सगळे 'माफीवाली' म्हणत, कारण चेंडू पात्याच्या मधोमध नाही लागला तरी ती सांभाळून घेते. थोरलीची आयर्न पातळ, सुरीसारखी. जरा चुकलं की मनगटापर्यंत झिणझिण्या. "माफीवर काय, कुणीही खेळेल," ती नाक मुरडायची. पण धाकटीचे चेंडू सरळ जायचे आणि सासूबाई जेवताना म्हणायच्या, "धाकटीचा हात बघितलास का गं?" थोरली ताट घेऊन उठायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी धाकटी खोलीत आली. "ताई, माझ्या वेजची मूठ सैल झालीय. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार?"

वेज म्हणजे जवळच्या फटक्याची काठी. पात्याचा कल जास्त, म्हणून चेंडू उंच उडतो आणि झेंड्यापाशी गप पडतो. हा कल म्हणजे लॉफ्ट. तो कमी केला तर तोच चेंडू खालून जातो आणि पलीकडे पळतो. आणि पातं वाकवून कल बदलायचं यंत्र तर थोरलीच्या समोरच होतं.

मूठ तिने बदलली. मग दार लोटलं, वेज यंत्रात घट्ट आवळली आणि दांडा ओढला. कल चार अंशांनी कमी. नुसत्या डोळ्यांना कळायचं नाही. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला! या भानगडीत तिच्या स्वतःच्या वेजचं हलणारं पातं चिकटवायचं राहून गेलं. ते तिने घरी जाता जाता घाईघाईने चिकटवलं. ते वाळायला पुरता एक दिवस लागतो, हे नव्या माणसालाही ती पहिल्याच दिवशी बजावायची.

सामन्यात धाकटीचा वेजचा प्रत्येक चेंडू झेंड्यापलीकडे जाऊ लागला. "हाताला काय झालंय कोण जाणे," म्हणून ती हसायची. माफीवाल्या आयर्नने तिला तारलं, म्हणून शेवटच्या झेंड्यापर्यंत दोघी बरोबरीत आल्या. तिथेही तिचा चेंडू मागच्या झुडपात गेला.

आता थोरली. तिने सराव म्हणून वेज हवेत फिरवली आणि पातं सुटून थेट गवतात! सगळे हसले. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"घ्या ताई, माझी घ्या," धाकटी धावत आली. "तुम्हीच नीट केलीय. तुमचं ऐकेल ती."

नको म्हणायला कारण लागतं, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं. थोरलीने वेज घेतली. ती किती लांब पळवते हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिने हात अर्धाच उचलला. चेंडू अलीकडे पडला, घरंगळत गेला आणि झेंड्याला टेकून थांबला.

"आमची थोरली!" सासूबाई ओरडल्या. पण सगळ्यांत मोठ्या टाळ्या धाकटीच्या. "बघा! म्हणजे काठी चांगलीच होती, खोट माझ्याच हातात. ताई, मला शिकवाल ना?"

कप घेताना थोरलीने मान खाली घातली, ती लोकांना नम्रता वाटली. धाकटी अजून टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. हरून असं हसता येतं कसं हिला? आपल्याला तर जिंकूनही जमत नाही. कप छातीशी धरून थोरली तिच्याकडे बघत राहिली, आणि तिला पुन्हा धाकटीचाच हेवा वाटला.