विहाराची भिंत

महापालिकेच्या मोफत वायफायचे डबे कुठे बसवायचे, हे ठरवण्याचं काम काही काळ माझ्याकडे होतं. विश्रांतवाडी भागासाठी एकच डबा उरला होता आणि जागा दोन होत्या: आमच्या सोसायटीसमोरची बाग, नाहीतर पलीकडच्या वस्तीतलं बुद्धविहार. विहारात मुलांची अभ्यासिका चालायची. ती सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षिका दोनदा ऑफिसात येऊन गेल्या.

"साहेब, पोरं दिवसभर आमच्याकडे बसतात. पत्र्याच्या घरांत रेंज येत नाही हो. एकदा येऊन बघा तरी. चहा पाजते."

"येतो," मी म्हणालो.

पद्धत साधी होती. दोन्ही जागी सकाळ, दुपार, संध्याकाळ उभं राहायचं, माणसं मोजायची, वीज आणि भिंत बघायची. बागेत मी मोजलं ते फक्त सकाळी, माझं रोजचं फिरणं तिथेच म्हणून. बाकांवर फोन घेऊन बसलेले आजोबा भरपूर. दुपारचा आकडा अंदाजाने टाकला. दुपारी बागेला कुलूप असतं, हे मला माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणू? जन्म पुण्यातच गेलाय.

अहवालात विहाराच्या नावापुढे लिहिलं, "भिंत कमकुवत."

विहारात मी गेलोच नव्हतो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबवली, आत पाहिलं आणि वळलो. उशीर झाला होता, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर, आत गेलो असतो तर चहा घ्यावा लागला असता. आमच्या घरात त्या वस्तीतलं पाणी कुणी घेत नसे. मी असलं काही मानत नाही, असं चारचौघांत म्हणायचो.

डबा बागेत लागला. सोसायटीने पेढे वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात बाई पुन्हा ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत.

"अहो साहेब, तुमचं वायफाय दुपारी वामकुक्षी घेतं का?"

अभ्यासिकेतल्या एका मुलीला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्मची मुदत दुपारी तीनपर्यंत. घरच्या फोनवरून दाखले अपलोड होईनात. चौकातल्या सायबर कॅफेत रांग लागलेली. ती बागेकडे धावली. गेटला कुलूप, आणि कुलूप लावताना रखवालदार बागेचा मेन स्विचही बंद करायचा. डबा त्याच्यावरच होता. बाग उघडली चारला.

"पुढच्या वर्षी भर म्हटलं तिला. बाप म्हणाला, झालं तेवढं पुरे. आता कापडाच्या दुकानात घड्या घालते."

मी "वर कळवतो" म्हणालो. काहीही कळवलं नाही.

नोकरी सुटल्यावर, यंदा, विहारात गेलो. बाई थकल्या होत्या, पण ओळखलं.

"भिंत बघायला आलात? ठोकून बघा."

मी हात लावला. दगडी, हातभर जाड भिंत.

"बाई, त्या वेळी मी आत आलोच नव्हतो."

"माहीत आहे. स्कूटर वळताना दिसली ना मला. आधण ठेवलं होतं."

कपाटावर एक प्लॅस्टिकची फाइल होती. बाईंनी पदराने तिच्यावरची धूळ पुसली.

"त्या पोरीची आहे, दाखल्यांची. न्यायला ये म्हटलं की हो म्हणते. येत नाही."

त्या दिवशी त्यांनी मला चहाचं विचारलं नाही.