गेटवरचा भाऊ

आमच्या वरसे गावातल्या घरात, वरच्या खोलीत, दोन वर्षं एक आफ्रिकन इंजिनिअर राहिला. रोह्याच्या कंपनीत तो प्रशिक्षणासाठी आला होता. भाडेकरूंसाठी मी नियमांची यादी दाराच्या मागे लावते. तो त्या यादीवरच मराठी शिकला. त्यामुळे त्याला आलेलं पहिलं पूर्ण वाक्य 'पाण्याची मोटर आठवणीने बंद करावी' हे होतं.

दुसऱ्या थंडीत त्याच्या देशात लष्करानं सत्ता घेतली. त्याचा धाकटा भाऊ राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर पहाऱ्याला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. वकिलात, विमान कंपनी, परदेशातले त्याचे नातेवाईक, सगळीकडे फोन झाले. सीमा बंद, विमानं बंद. करण्यासारखं काही उरलं नाही आणि तो तर जेवतही नव्हता. म्हणून मी त्याला संध्याकाळी शेजारच्या काकींच्या शेतावर पोपटी खायला नेलं.

काकींनी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि मीठ भरलं. तोंड पाल्यानंच बंद केलं, मडकं उपडं ठेवलं आणि भोवती पेंढा पेटवला.

"आता तिकडं राज्य कुनाचं रं पोरा?"

"कर्नलचं, काकी."

"निवडून दिला का?"

"नाय. बंदूक घेऊन आला."

"नि आधीचा?"

"तो निवडून आलेला. पण मोठं काय करायचं तर फ्रान्सला विचारायचा. आमच्या नोटा पण तिकडेच छापतात."

"गोरे गेले ना तुमच्याकडनं?"

"गेले. ताईंच्या यादीत आहे ना, खोली सोडताना चावी परत द्यावी? ती नाय दिली."

काकी हसल्या. "म्हंजे आमच्या जुन्या सरपंचबाईसारखं. खुर्चीत बाई, नि सही नवरा सांगंल तिथं. मंग हा कर्नल तरी आपल्या मनाचा हाय का?"

"काय माहीत? लोक नाचतायत. हातात रशियाचे झेंडे आहेत." तो जाळाकडे बघत राहिला. "माझा भाऊ गेटवर होता, काकी."

काकींनी तांब्या उचलला. मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं. "अजून नाय झालं. बस."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बांधावर जाऊन ताठ उभा राहिला आणि साहेबाशी बोलावं तसा फ्रेंचमध्ये बोलू लागला. त्यांच्या शाळेत घरची भाषा बोललं की शिक्षा व्हायची, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मग एकाएकी आवाज खाली आला, शब्द बदलले आणि तो बांधावर बसला. घरच्या भाषेत बोलत होता. तेव्हाच मी समजले, पलीकडे आता भाऊ होता.

"आहे," तो आमच्याकडे वळून म्हणाला. "त्याच गेटवर उभा आहे, ताई. आतला साहेब तेवढा बदलला."

"जेवला का, विचार त्याला," काकी म्हणाल्या.

त्यानं विचारलं. पलीकडून बरंच काही आलं. तो डोळे पुसत हसला.

"व्हय म्हणतो. नि मला विचारतो, तू जेवलास का?"

"थांब, खोटं नको सांगू." काकींनी पुन्हा पाणी शिंपडलं. या वेळी ते चर्रकन उडालं. त्यांनी काठीनं मडकं आडवं केलं आणि वाफाळलेल्या शेंगा पळसाच्या पानावर घेऊन त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "आता सांग."