मुख्याध्यापकांनी झाकलेला सिनेमा

गाडेकर सर परीक्षेचं लाकडी पॅड सिनेमाच्या मशीनच्या लेन्ससमोर धरून उभे होते. खाली हॉलमध्ये आठशेच्या आसपास पोरं बसली होती आणि त्यांच्यासमोरचा पडदा काळाकुट्ट होता. सिनेमा मात्र चालू होता. रीळ फिरत होतं, स्पीकर बोलत होते.

“सर, अजून किती वेळ?” मी विचारलं.

“थांबा हो किसनराव! गोळीबार संपलेला नाही अजून.”

मी कपाळाला हात लावला. सिनेमा मी आणलेला, केबिन माझ्या ताब्यातली, आणि हा माणूस माझ्याच सिनेमावर झाकण घालून मलाच थांबायला सांगत होता.

दुष्काळाचं वर्ष होतं. मी श्रीरामपुरात एका टॉकीजमध्ये कामाला होतो. इंटरव्हलला शेंगदाणे विकत आत शिरलो, पुढे डोअरकीपर झालो, मग बुकिंगच्या खिडकीत बसलो. शिकवलं कुणीच नाही, बघून बघून शिकलो. टॉकीज शेठचं होतं. दुपारनंतरचे सगळे शो त्यांचे. सकाळी हॉल रिकामा पडायचा, खुर्च्यांवरून उंदीर फिरायचे. मी शेठच्या मागे लागून सकाळचे शो स्वतःच्या जबाबदारीवर मागून घेतले.

शेठ म्हणाले, “दिवाळीपर्यंत भरून दाखव. भरला तर सकाळ तुझी. नाही भरला, तर परत दारात उभं राहून तिकिटं फाडायची. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. मला परत दारात उभं राहायचं नव्हतं.

सकाळी सिनेमाला मोठी माणसं येत नाहीत. येणार कोण, तर शाळा. आणि आमच्याकडे एका मोठ्या शाळेने शो घेतला, की बेलापूर, राहुरीपर्यंतच्या शाळा मागून येणार, हे मला माहीत होतं. ती मोठी शाळा म्हणजे गाडेकर सरांची. शाळेचं नाव सांगत नाही. सरांचंही खरं आडनाव सांगत नाही, नाहीतर त्यांची माणसं घरी यायची.

नुकतंच युद्ध होऊन गेलं होतं. युद्धाचा सिनेमा म्हटलं की माणसं यायची. वितरकाच्या माणसाने मला एक परदेशी सिनेमा दिला. हिंदीत डब केलेला, म्हणजे माणसं गोरी आणि बोलणं हिंदी. पोस्टरवर एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा, तोंडात पत्र्याची शिटी, मागे धूर. “बच्चों की फिल्म है,” तो म्हणाला. मी पोस्टर बघितलं आणि विश्वास ठेवला.

गाडेकर सरांशी घासाघीस करायला दोन फेऱ्या झाल्या. त्यांना दर निम्मा पाहिजे होता. निम्मा दिला. सगळे शिक्षक फुकट. दिले. दोन खुर्च्यांवर तीन पोरं बसवायची. बसवली. मग म्हणाले, शिपायाचं कुटुंब.

“सर, शिपायाचं कुटुंब कोणत्या वर्गात शिकतं?”

“किसनराव, शाळा म्हणजे एक परिवार असतो.”

“मग परिवाराच्या गणपतीला मला बोलवत जा. शिपायाच्या मंडळींना तिकीट लागेल.”

सरांना राग आला, पण सौदा झाला. जाताना म्हणाले, आधी मी स्वतः सिनेमा बघणार. याला आमच्यात ट्रायल म्हणतात. रिकाम्या हॉलमध्ये एकट्या माणसासाठी सिनेमा लावायचा. तीही केली.

सिनेमा असा होता. नदीकाठचं गाव. तिथल्या मार्को नावाच्या पोराला परके सैनिक भेटतात. एक सैनिक त्याला पत्र्याची शिटी देतो, कडेवर घेतो, गाणं म्हणतो. विचारतो, तुझा मोठा भाऊ कुठं लपतो रे? पोरगा खूश होऊन त्यांना नदीकाठच्या पिठाच्या गिरणीकडे घेऊन जातो. शिटी वाजवत पुढे चालतो. ते भावाला तिथेच गोळी घालतात. पुढचा सगळा सिनेमा त्या पोराचा आहे. तो शिटी वाजवत नाही, खेळत नाही, कुणाकडून काही घेत नाही. शेवटी त्याच्या हातात बंदूक असते.

ट्रायल संपल्यावर गाडेकर सर रुमालाने डोळे पुसत बाहेर आले. मला वाटलं, काम झालं.

“उत्तम चित्रपट आहे,” ते म्हणाले. “पण गिरणीचा प्रसंग पोरांनी बघता कामा नये. तो कापा.”

“सर, प्रिंट माझी नाही.”

प्रिंट म्हणजे सिनेमाची फिल्म. ती भाड्याने येते. परत गेली की वितरक फूट मोजून घेतो. कात्री लावली तर माझा हात कापून नेईल, हे मी त्यांना समजावलं.

“मग शो रद्द,” सर म्हणाले.

एक शाळा गेली की सगळ्या गेल्या. मी गप्प बसलो. गप्प बसलेल्या माणसाला समोरचा काहीतरी तोडगा देतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. सरांनी दिला.

“मी स्वतः वर मशीनपाशी उभा राहीन. तो प्रसंग आला की पुढे पुठ्ठा धरीन. पोरांना काही दिसणार नाही.”

“आणि आवाज?”

हे जरा सांगायला हवं. फिल्मवर चित्रं असतात आणि तिच्याच कडेला आवाजाची बारीक पट्टी असते. आवाजाचा दिवा वेगळा, त्याची वाट वेगळी. लेन्स झाकली तर चित्र जातं, आवाज जात नाही. मी म्हणालो, आवाजही बारीक करू.

“मुळीच नाही,” सर म्हणाले. “आवाज बंद केला तर पोरं शिट्या मारतील, खुर्च्या बडवतील. आवाज राहू द्या. सिनेमा चालू आहे हे त्यांना कळायला हवं.”

“सर, नुसता आवाज जास्त वाईट.”

“बालमानस मला कळतं, किसनराव. तुम्हाला तिकिटं कळतात.”

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. त्या दिवशी गिळलं. दिवाळी जवळ आली होती.

तर शोची सकाळ. पोरं रांगेने, गाणी म्हणत आली. सर पॅड काखेत मारून केबिनमध्ये चढले. आमचे ऑपरेटर इब्राहिमभाई. ते म्हणाले, “मैं हाथ नहीं लगाऊंगा. पडदा काळा झाला तर शेठ माझा पगार कापतात. सरांना धरू द्या.”

टॉकीजमध्ये मशीन दोन असतात. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. सरांना हे सांगितलं होतं. सरांनी मान हलवली होती. गिरणीचा प्रसंग जवळ आला, सर घाईघाईने पुढे झाले आणि त्यांनी पॅड धरलं बंद मशीनसमोर.

“सर, ये नहीं, वो!” इब्राहिमभाई ओरडले.

तोपर्यंत खाली पोरांनी सैनिकांना गिरणीच्या दारापर्यंत बघितलं होतं. दारावर लाथ बसली आणि सरांचं पॅड योग्य जागी पोचलं. अंधार.

मग नुसते आवाज. बुटांचे. फळ्या मोडल्याचे. कुणीतरी धडपडलं. भावाने हाक मारली, “मार्को! भाग, मार्को!” शिटी एकदा वाजली. मग गोळ्या, थांबून थांबून. मग एक बाई ओरडायला लागली ती थांबेचना.

मी केबिनच्या झरोक्यातून खाली बघत होतो. पोरं आधी हसली. मग कुणीतरी “लाइट!” म्हणून ओरडलं. मग हसणं बंद झालं. आठशे पोरं इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती. पुढच्या बाकड्यांवर एक पोरगं रडायला लागलं, त्याच्यामागे दुसरं, आणि बघता बघता सगळी रांग.

“सर, काढा ते पॅड.”

“अजून बाई रडतेय.”

“खाली तुमची पोरं रडतायत!”

सरांनी पॅड काढलं. पडद्यावर उजेड आला. मार्को एकटा, हातात शिटी, वाकडातिकडा चालत होता. भाऊ नाही, सैनिक नाहीत, बाई नाही. आणि खालून एकच ओरडा उठला.

“त्याचा भाऊ कुठंय?”

“सर, कोन मेलं वो?”

“त्याची आई मेली का?”

काही पोरं उठून दाराकडे धावली. मी डोअरकीपरला ओरडून दारं उघडायला लावली, नाहीतर चेंगराचेंगरी झाली असती. सरांनी पॅड माझ्या हातात कोंबलं आणि जिना उतरून धावत खाली गेले. पडद्यासमोर उभे राहिले, डोअरकीपरचा टॉर्च घेऊन स्वतःच्या तोंडावर मारला आणि वर्गात बोलतात तसे बोलले.

“बसा! सगळे बसा! कोणीही मेलेलं नाही. त्याचा भाऊ मागच्या दाराने जंगलात पळून गेला. तो सुखरूप आहे. मी चित्रपट पाहिलेला आहे.”

मुख्याध्यापक म्हणतात म्हणजे खरंच असणार. पोरं बसली. डोळे पुसले. एकाने तर टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. सर कडेला जाऊन उभे राहिले, धोतर सावरून. त्या क्षणी मला वाटलं, वाचलो. शो पार पडेल, बेलापूर येईल, राहुरी येईल.

पण सरांनी झाकायची ठिकाणं ठरवली तेव्हा रक्त कुठे आहे एवढंच बघितलं होतं. गिरणीनंतर थोड्या वेळाने एक प्रसंग आहे. त्यात रक्त नाही, ओरडणं नाही. आई आणि मार्को खड्डा खणतात. आई भावाच्या तोंडावरची चादर बाजूला करते, केस नीट करते, परत चादर घालते. मार्को माती लोटतो. संपूर्ण प्रसंगात कोणी बोलत नाही.

सरांना तो झाकावा असं कधी वाटलंच नव्हतं. खाली उभं राहून थाप मारताना तो त्यांच्या ध्यानातही नव्हता. माझ्या हातात पॅड होतं. मी ते धरलं नाही. मला गिरणी झाकायला सांगितली होती, खड्डा नव्हता सांगितला.

भावाचा चेहरा पडद्यावर आला. मोठा, पडदाभर.

पोरांनी ओरडा केला नाही. एक एक करून त्यांनी पडद्याकडची मान वळवली आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्या सरांकडे बघायला लागली. पडद्याचा उजेड सरांच्या तोंडावर पडला होता, त्यामुळे ते चांगले दिसत होते. सर पडद्याकडे बघत राहिले. पुढचा सिनेमा किती पोरांनी बघितला कोण जाणे.

इंटरव्हलनंतर अर्धा हॉल रिकामा होता. मास्तर लोकांनी पोरांना रांगेत घालून नेलं. जाताना गाणी नव्हती.

संध्याकाळी गाडेकर सर शेठकडे गेले. माझ्यासमोर म्हणाले, “तुमच्या या माणसाने मशीन नीट चालवली नाही. मध्येच अंधार झाला. पोरं घाबरली.”

“अंधार तुम्ही केला!” मी ओरडलो. “पॅड तुमचं, हात तुमचा! आणि खोटं कोण बोललं? मी?”

“अरे किसन, मोठ्या माणसांशी असं बोलतात का?” शेठ म्हणाले.

सकाळचा किसनराव संध्याकाळी किसन झाला. सकाळचे शो शेठने काढून घेतले. मी दारात उभा राहून तिकिटं फाडू लागलो. तालुक्याला एकच गोष्ट कळली, की टॉकीजची मशीन खराब आहे आणि किसन तोंडाळ आहे.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. तो सिनेमा शेठने स्वतःच्या संध्याकाळच्या शोलाही लावला होता आणि गुरुवारी उतरवणार होते. तो उतरला नाही. शाळेतली पोरं घरी जाऊन बापाच्या मागे लागली. कोण मेलं ते नीट बघायचंय. संध्याकाळच्या शोला बाप लोक पोरांचे हात धरून यायला लागले. आठवडा वाढला. गल्ला शेठचा. सिनेमा आणला कुणी, हे कुणी विचारलं नाही.

त्या गर्दीत साखर कारखान्यातला एक कामगार पोरीला घेऊन आला. पोरगी पाचवीतली असेल. तो पाळीवरून थेट आला होता, उभ्या उभ्या झोपत होता.

“काय सांगू बाबा,” तो मला म्हणाला, “त्या दिसापास्नं झोपंना. म्हनती, मला पुरा दाखवा. आता हिला काय दाखवू? हितं मान्सं मरत्यात.”

“दाखवा,” मी म्हणालो.

गिरणीच्या प्रसंगाला मी आत जाऊन तिच्या रांगेच्या टोकाला उभा राहिलो. आता पॅड नव्हतं. सैनिकांनी दार मोडलं, भाऊ पळाला, पडला, उठला, पडला. बाई म्हणजे आई होती. पोरगी डोळे न मिटता बघत होती. बाप मिटून बसला होता.

सुटल्यावर दारात मी विचारलं, “काय गं? भ्याली का?”

तिने मान हलवली. “न्हाई. एवढंच हुतं व्हय?”

“म्हणजे?”

“मला तर लई वंगाळ दिसलं हुतं. आईला बी मारलं हुतं त्यांनी. आन् मार्कोला झाडाला बांदलं हुतं.”

“कधी दिसलं तुला असं?”

“त्या दिशी. अंधार केल्ता तवा.”

बापाने तिला उचललं. बाहेर पडल्यावर ती त्याच्या खांद्यावर लगेच झोपली.

पुढे मी शेठला सोडलं आणि दुसऱ्या गावात एक टॉकीज चालवायला घेतलं. ते बरं चाललं. शाळांचे शोही घेतले. दरात मी ओढाताण करू द्यायचो, शिक्षक फुकट, शिपायाचं कुटुंबसुद्धा फुकट. पण एक अट आधी सांगायचो, तिच्यात घासाघीस नाही. सिनेमा आधी पूर्ण बघा. पोरांना दाखवायचा नसेल तर आणू नका. दाखवायचा असेल तर मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये यायचं नाही, खाली पोरांच्या मध्ये बसायचं.

या अटीवर काही मुख्याध्यापक परत गेले. जाऊ दिले.